किती वेळ लागला?

कुणी गेल्याचं कळलं की आमचे अण्णा एकच प्रश्न विचारत. कशानं गेला, वय काय होतं, पोरंबाळं किती, हे बाकीचे विचारायचे. अण्णा विचारत, "किती येळ लागला?" सांगायला आलेला माणूस दारातच गोंधळून जायचा. एकदा आमच्या आळीतल्या एका म्हातारीच्या मुलानं चिडून उलट विचारलं होतं, "म्हंजी? तुमास्नी काय घाई हुती का?" अण्णा खाली मान घालून त्याच्याबरोबर गेले आणि तिरडी बांधायला बसले. आई मात्र रात्री त्यांच्यावर करवादली, की तुम्हाला कुठं काय विचारावं याचा पोच नाही. पोच होता. हा प्रश्न त्यांना सशांनी शिकवला होता, आणि घरात ते कळणारी मी एकटीच होते. माझी मुलगी म्हणते, आई, तू खाणावळीचं लिही, कंपनीतल्या पोरांना इतकी वर्षं जेवू घातलंस, त्यांचे एकेक किस्से लिही. लिहीन तेही. पण ते लिहायला बसले की हातून हेच लिहून होतं, म्हणून आधी हे उरकते.

आमचं गाव चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला. आज तिथून जाल तर पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि मध्ये तुमची रिक्षा घामाघूम. आमच्या माळावर आता गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे आणि जिथं मी करडं वळायची तिथं तिचं कॅन्टीन आहे असं भाऊ सांगतो. तेव्हा तो नुसता माळ होता. गुडघाभर कुसळी, मध्येच बाभळी, ओढ्याच्या अंगाला घाणेरीची जाळी, आणि पलीकडं आमचं दोन बिघ्यांचं कांद्याचं रान. घर दोन खणांचं, वर पत्रा. अण्णा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसवर टेंपरवारी होते. घराचं घड्याळ म्हणजे अण्णांची शिफ्ट. फर्स्ट शिफ्ट असली की अंधारातच आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा, मग डब्याच्या कड्या लागायच्या, मग फाट्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न, आणि अण्णांची धावत गेलेली पावलं. ती पावलं ऐकू येईनाशी झाली की आई मोठ्यानं एक सुस्कारा टाकून चुलीतलं लाकूड मागं ओढायची. मी गोधडीत पडून हे सगळं ऐकायची, आणि अजूनही कुठं भाकरी थापल्याचा आवाज आला की पुढच्या हॉर्नची वाट बघते.

विजेच्या कारणानं त्या बाजूच्या कंपन्यांना सुट्टी असायची गुरुवारची. सगळं जग रविवारी घरी आणि आमचे वडील गुरुवारी. त्या दिवशी सकाळी रानातलं आवरलं की दुपारनंतर अण्णा आणि आमचे बबनकाका, म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, वाघर घेऊन माळावर जायचे. वाघर म्हणजे सशाचं जाळं. घायपाताच्या वाखाचं, अण्णांच्या वडिलांनी स्वतः विणलेलं, कमरेएवढं उंच आणि चांगलं लांब. सशाची जाण्यायेण्याची वाट ठरलेली असते. त्या वाटेवर काठ्या रोवून वाघर सैल सोडायची आणि लांबून हाकारे घालत यायचं. ससा पळत येतो, पुढं काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि वाघर त्याच्यावर कोसळते. हा सगळा उद्योग गुन्हा आहे, आज तर आहेच, तेव्हाही असणार. पण आमच्या माळापर्यंत तो कायदा घेऊन कुणी आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी बबनकाकांनी त्याला रस्सा वाढून परत पाठवलं असतं. मी त्याचं समर्थन करत नाही. जे होतं ते सांगते.

वाघरीपर्यंत सगळ्यांत आधी पोचायचं ते अण्णांनी, असा नियम होता. बबनकाकांचा हात रेंगाळतो, असं अण्णा म्हणत. बबनकाका ससा धरायचे, उचलून दाखवायचे, हसायचे, कुत्र्याला हुंगवायचे, आणि मग सावकाश. अण्णांना ते सहन व्हायचं नाही. ते पळत जात आणि खांद्यावरचा टॉवेल आधी सशाच्या डोळ्यांवर टाकत. डोळ्यांपुढं अंधार झाला की ससा शांत होतो, अंग सोडतो. मग डाव्या हातानं मागचे पाय धरून, उजव्या हाताचा अंगठा कानांच्या मागं रोवून, मान एका झटक्यात खाली ओढून मागं मोडायची. काडी मोडल्यासारखा आवाज यायचा, तेवढाच. त्यानंतर ते टॉवेल बाजूला करून सशाच्या डोळ्याच्या कडेला बोट लावून बघत. पापणी हलली नाही की उठत. पळत्या सशाला काठी किंवा दगड मारायला त्यांची सक्त मनाई होती. जखमी होऊन जाळीत शिरला तर तिथं दोन दोन दिवस पडून राहतो, म्हणायचे. पोटुशी मादी असली तर सोडून देत. आणि एखाद्या गुरुवारी ते स्वतः नसले, तर संध्याकाळी बबनकाकांना पहिला प्रश्न तोच, किती येळ लागला? 'मारला' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते म्हणत, मोकळा केला. मी एकदा विचारलं होतं, की एवढी घाई कशाला करता. तर म्हणाले, "भ्यालेल्या सशाचं मटण वातड लागतं." हे कारण त्यांनी आयुष्यभर पुढं केलं. माझा त्यावर त्या वयातही विश्वास नव्हता.

गुरुवारी आमच्याकडं मटण शिजत नसे, कारण आईचा दत्ताचा उपास. म्हणून मोकळा केलेला ससा बबनकाकांच्या घरी जायचा, तिथं साफ व्हायचा, आणि शुक्रवारी त्यातला आमचा वाटा ताटलीत झाकून यायचा. आई तो कांदा-खोबरं चुलीत भाजून पाट्यावर वाटून करायची. वर काळ्या मसाल्याचा तवंग, बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. सशाचं मटण कोंबडीपेक्षा काळसर, थोडं रानाच्या वासाचं. मी खाणावळीत पुढं हजार वेळा रस्सा केला, पोरांनी बोटं चाटली, पण मला स्वतःला तो कधी त्या चवीचा लागला नाही. संजूला, माझ्या धाकट्या भावाला, तर ती चव आठवतही नाही. तो तेव्हा पाच वर्षांचा होता आणि फक्त दुधात भाकरी कुस्करून खायचा.

तर त्या वर्षी मी नववीत होते. अण्णा कंपनीत पर्मनंट होण्याची वेळ आली होती. टेंपरवारी माणसाला ठरावीक महिने भरले की ब्रेक देऊन घरी बसवायचे आणि पुन्हा नव्यानं घ्यायचे, असं त्यांचं कैक वर्षं चाललेलं. या खेपेला त्यांच्या खात्यातल्या काही जणांची यादी लागणार होती. सुपरवायझरनं बजावलं होतं, की यादी लागेपर्यंत एकही खाडा करायचा नाही, अंगात ताप असला तरी यायचं. आईनं मग दत्ताला अकरा गुरुवार बोलले. ते तिनं नुसतेच बोलले नाहीत, तर त्यात अट घातली. अकरा गुरुवार या घरातल्या कुणाच्या हातून जीव जाणार नाही. अण्णांनी ऐकलं, वाघर गुंडाळून बबनकाकांच्या ओट्यावर ठेवली आणि गुरुवारी कांद्याला पाणी धरायला लागले. नऊ गुरुवार असे गेले. आई पाटावर तसबीर ठेवून, समई लावून बसायची. मी तिला फुलं आणून द्यायची. घरात एक प्रकारची दबकी चाल आली होती, जणू मोठ्यानं बोललो तर यादीतलं नाव पुसलं जाईल.

दहाव्या गुरुवारी, थंडीचे दिवस, मी दुपारची भाकरी घेऊन रानात गेले. बबनकाकांच्या हरभऱ्याचे शेंडे ससे खात होते, म्हणून त्यांनी बांधाला वाघर लावून ठेवली होती आणि स्वतः कांदा घेऊन चाकणच्या बाजारात गेले होते. त्यांचं कुत्रं मात्र मागं राहिलेलं. मी बांधावर पोचले तेव्हा अण्णा पाण्याचं खोरं टाकून पळत सुटले होते. वाघरीत ससा होता आणि कुत्र्यानं जाळ्याच्या बाहेरूनच त्याचा मागचा पाय तोंडात धरला होता. अण्णांनी कुत्र्याला लाथ घालून हाकललं, गुडघ्यावर बसले, टॉवेल टाकला. पाय मधोमध मोडून लोंबत होता. ससा गप्प होता. अण्णांचा अंगठा त्याच्या कानांमागं गेलेला मी बघितला. आणि मी म्हणाले,

"अण्णा, आज गुरुवार हाय."

हे मी म्हणाले. आई तिथं नव्हती, देवाची तसबीर तिथं नव्हती, कुणी बघत नव्हतं. दोन क्षण मी गप्प बसले असते तर ते सगळं तिथंच संपलं असतं आणि अण्णांच्या ते लक्षातही आलं नसतं. पण मी नवसाची फुलं आणणारी मुलगी होते. मला वाटलं, मी घराचं भलं करते आहे. अण्णांचा हात तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग फाट्याकडं, जिथं त्यांची बस येते तिकडं. मग अंगठा काढून घेतला आणि ससा टॉवेलात गुंडाळून उठले.

घरी आई समईत तेल घालत होती. अण्णांनी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "ह्येला असा ठिवणं बरं न्हाई. पाय गेलाय. मोकळा करतो."

"धा झालं," आई म्हणाली. "यकच ऱ्हायलाय."

"अगं, त्याला कळतंय का गुरुवार?"

"त्याला न्हाई कळत. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

"मग रानात सोडतो. तीन पायांवर. कुत्री फाडून खात्याल."

आईनं बुधली खाली ठेवली आणि समईची वात पुढं सारली. ती दुष्ट नव्हती, हे मला इथं लिहून ठेवलं पाहिजे. तिनं ब्रेकचे महिने काढलेले होते. कुणाच्या घरी उसनं पीठ मागायला जाणं मलाही माहीत होतं, पण जायची ती.

"बारा वाजलं की तारीख बदलती," अण्णा थोड्या वेळानं म्हणाले. "कंपनीत तसंच हाय. बाराला करतो."

"दत्त म्हाराज काय कार्ड पंच करत्यात व्हय?" आई म्हणाली. "दिस उगवल्याबिगर शुक्रवार न्हाई."

एरवी अशा बोलण्यावर अण्णा हसले असते. दिवस उगवायच्या आधी त्यांची बस होती. फर्स्ट शिफ्ट. त्यांनी टॉवेलातला ससा कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवला, वर पोतं टाकलं आणि बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिले. मग मला हाक मारली.

"सुमे, हिकडं ये."

ते मला काय सांगणार हे मला कळलं होतं. बबनकाका मुक्कामाला चाकणलाच राहणार होते. नसते राहिले तरी अण्णांनी त्यांच्या हातात दिला नसता. आईचा नवस. उरले मी. अण्णांनी माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, तुझ्यानं मान ओढवायची नाही, अर्धीच ओढली जाईल, त्यापेक्षा सोटा बरा. त्यांनी परसातून बाभळीचा एक आखूड, वजनदार सोटा आणला. आईचा उद्याच्या भाजीचा दुधी भोपळा घेऊन देठाला फडकं बांधलं आणि फडक्याला धरून तो डाव्या हातात उलटा लोंबता धरायला सांगितला. हे मागचे पाय. टॉवेल डोळ्यांवरून ढळू द्यायचा नाही. हलायचा थांबेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागो, घाई करायची नाही. मग कानांच्या बुडाला, इथं, एकच. सगळा जोर लावून. "आन् ध्यानात ठेव," ते म्हणाले, "कीव आली तर आधी येऊ दे. हात उचलल्यावर येऊ द्यायची न्हाई. हात उचलल्यावर आलेली कीव लई वंगाळ." मी भोपळ्यावर सहा-सात वेळा घाव घातले. त्याचा पार लगदा झाला. आई आतून बघत होती आणि भोपळ्याबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

अण्णा पहाटे गेले. जाताना डालग्यापाशी थांबले, टॉवेल त्याच्या अंगावर ठेवला होता तो तसाच आहे ना बघितलं, आणि तो न घेताच गेले. खांद्यावर टॉवेल नसलेले अण्णा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. उजाडलं, पत्र्यावर ऊन आलं, आई आत भाकऱ्यांना बसली. मी डालगं उचललं. मला वाटलं होतं ससा तडफडेल, चावेल. तो नुसता बसून होता. रात्रभरात त्यानं डालग्याच्या कामट्या पुढच्या पायांनी ओरबाडल्या होत्या आणि आता त्याच्यात काही उरलं नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणे टॉवेल गुंडाळला, मागचे पाय धरले, मोडका पाय हातात गार लागला. उचललं. तो दोनदा हिसडला आणि थांबला. टॉवेलातून त्याचं काळीज माझ्या मनगटावर लागत होतं. सोटा उचलला. सगळं बरोबर चाललं होतं.

मग मी टॉवेल थोडासा सरकवला. का, ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटलं, त्याला न बघता मारणं बरं नाही. शाळेत शिकलेलं काहीतरी डोक्यात असेल, की पाठीमागून वार करू नये वगैरे. त्याचा डोळा माझ्याकडं वळला, मोठा, तपकिरी, आणि माझा हात खाली येता येता आखडला. घाव मानेवर न बसता खांद्यावर बसला.

ससा आयुष्यभर मुका असतो. शेवटी एकदाच ओरडतो. तो आवाज तान्ह्या मुलासारखा असतो, हे मी ऐकून होते, पण ऐकून असणं वेगळं. माझ्या हातातून तो पडला आणि दोन पायांवर अंगण ओलांडत सरपटत निघाला, ओरडत. मी मागं गेले. पुन्हा मारलं, पाठीवर. पुन्हा. मी रडत होते आणि डोळ्यांतल्या पाण्यानं मला काही दिसत नव्हतं आणि तो ओरडायचा थांबत नव्हता. आत भाकरी करपल्याचा वास आला. आई पीठभरल्या हातांनी बाहेर आली. क्षणभर दारात थांबली, मग सरळ येऊन मातीत बसली, टॉवेल उचलून सशाच्या डोळ्यांवर घट्ट दाबला आणि म्हणाली, "झाकाय सांगितलं हुतं ना त्यांनी? आता मार." मी मारलं. आईच्या दोन्ही हातांच्या मधे. ते शेवटचं. त्यानंतर मी डोळ्याच्या कडेला बोट लावून बघितलं. पापणी हलली नाही. संजू गोधडी गुंडाळून दारात उभा होता आणि विचारत होता, बाळ कुणाचं रडत होतं. आई उठली, हात धुतले, नवं पीठ घेतलं. आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही, त्या दिवशी नाही आणि ती जाईपर्यंतही नाही.

आता या वयात मला एक कळतं. मी सशाला न्याय द्यायला टॉवेल काढला नव्हता. मला स्वतःला बरं वाटावं म्हणून काढला होता. खाणावळ चालवताना आजारी पोरांची शुश्रूषा केली, सासूचं शेवटचं दुखणं काढलं, त्यात माझ्यापुढं हा फरक नेहमी उभा राहिला. आपण हे त्याच्यासाठी करतो आहोत की आपल्यासाठी? उत्तर दरवेळी चांगलं आलं असं नाही.

दुपारी अण्णा आले. बसमधून उतरून ते नेहमी आधी मोरीकडं जात. त्या दिवशी डबा हातात तसाच ठेवून परसात आले. मी ससा पाटीत टॉवेलाखाली ठेवला होता. बबनकाका येईपर्यंत साफ करणारं कुणी नव्हतं. अण्णांनी विचारलं,

"किती येळ लागला?"

आई चुलीपाशी होती. तिची पाठ मला दिसत होती. ती वळली नाही. मी चुलीतल्या निखाऱ्यांकडं बघत म्हणाले,

"लगीच."

अण्णा पाटीशी बसले. टॉवेल बाजूला केला. त्यांनी आजवर किती ससे हाताळले असतील, त्यांच्या बोटांना सशाच्या अंगातलं सगळं कळत होतं. त्यांचा अंगठा कानांमागं गेला, मानेवरून खाली आला, खांद्यावर आला आणि तिथं थांबला. मग पाठीवर, तिथंही थांबला. मी श्वास धरून उभी होते. मला वाटत होतं ते आता मान वर करून माझ्याकडं बघतील, आणि त्यांनी बघितलं तर मी सगळं सांगून टाकणार होते. त्यांनी बघितलं नाही. टॉवेल उचलून पुन्हा सशावर घातला, खांदा झाकेल असा नीट ओढून घेतला आणि म्हणाले,

"बरं झालं."

मग मोरीत जाऊन खूप वेळ हात धूत राहिले. रात्री मटण शिजलं. आईनं टाकून दिलं नाही, टाकणं आमच्या घरात नव्हतंच. अण्णांनी पोट बिघडल्याचं सांगून ताक-भाकरी खाल्ली. मी दोन घास खाल्ले. वातड लागलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

अकरावा गुरुवार झाला, पुढं यादी लागली आणि तिच्यात अण्णांचं नाव होतं. आईनं दत्ताला पेढे नेले. अण्णांनी एक पेढा खाल्ला, कंपनीचा कागद तसबिरीमागं ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वाघर बबनकाकांच्या शेतातून आणून परसातल्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकली. बबनकाका म्हणाले, "येडा झालास का भावा, अशी वाघर आता कोण इणतंय?" अण्णांनी तिच्या बुडाशी घेवड्याचं बी टोकलं. त्या पावसाळ्यात वेल वाघरीवर पार वरपर्यंत चढला, आणि पुढं कितीतरी वर्षं आम्ही त्याच्या शेंगा खाल्ल्या. माळावर अण्णा पुन्हा कधी गेले नाहीत. गुरुवारी घरात झोपायचे किंवा रेडिओ दुरुस्त करत बसायचे. प्रश्न मात्र विचारायचे. उलट तेव्हापासूनच तो माणसांच्या बाबतीत विचारायला लागले.

माझं लग्न झालं, मोशीत खाणावळ सुरू झाली, माळ विकला गेला, संजूनं चिखलीत फ्लॅट घेतला आणि आई गेल्यावर अण्णा त्याच्याकडं राहायला आले. मी दर गुरुवारी त्यांना भेटायला जायची. गुरुवारी पोरांना सुट्टी, खाणावळीला अर्धा दिवस. आम्ही बाल्कनीत बसायचो. ते फार बोलत नसत. एकदा, शेवटच्या वर्षात, खालून कंपनीच्या बसेस एकामागं एक जात होत्या, त्यांच्याकडं बघत ते मधेच म्हणाले, "त्या दिशी खाडा कराय पायजे हुता मी."

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं. अण्णा, लगेच झालं नव्हतं. मी टॉवेल काढला होता. आईनं धरला म्हणून झालं. आणि गुरुवार आहे हे मीच बोलले होते. इतक्या वर्षांनी सांगायला काय हरकत होती? मी "अण्णा," एवढंच म्हणाले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "लगीच झालं म्हनलीस तवा," ते म्हणाले, "लई बरं वाटलं हुतं मला." आणि पुन्हा बसेसकडं बघायला लागले. मी गप्प बसले. मला तेव्हा वाटलं होतं, की मी त्यांना वाचवलं. वाचवलं कुणी कुणाला, ते नंतर कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी संजूचा फोन आला. रिक्षा करून मी गेले. अण्णा पलंगावर होते, डोळे मिटलेले, केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ चादर. चादर इतकी स्वच्छ होती की तिच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. बाथरूममध्ये बादलीत काहीतरी भिजत घातलेलं होतं आणि दार ओढून घेतलेलं होतं. संजू कोपऱ्यात उभा होता, माझा धाकटा भाऊ, पन्नाशीच्या पुढचा, केस पिकलेला. रात्रभर जागलेला दिसत होता. मी त्याच्याजवळ गेले. काय विचारायचं ते मला ठरवावं लागलं नाही.

"संजू, किती वेळ लागला?"

तो टेबलावरच्या कपाकडं बघत होता.

"लगेच गं ताई," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला आणि... लगेच."

त्याचा हात माझ्या हातात होता. मनगटावर नखांचे चार ओरखडे होते, खोल आणि ताजे, कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे. माझा अंगठा त्यांच्यावर जाऊन थांबला. संजूनं श्वास धरला होता. मी मान वर केली नाही.

"बरं झालं," मी म्हणाले, आणि त्याच्या शर्टाची बाही खाली ओढून मनगट नीट झाकलं.